मुकादमांचं आकाश

मुकादम हे काही त्यांचं नाव नव्हे. पण धुलाईच्या कारखान्यात कुणी त्यांना खऱ्या नावाने हाक मारली असती, तर त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नसतं. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल असं सगळं तिथे गाठोड्यांनी यायचं, मोठमोठ्या ड्रममध्ये घुसळून निघायचं, गरम रुळांखालून कडक होऊन बाहेर पडायचं आणि शेवटी घडीच्या टेबलावर जायचं. या सगळ्यावर देखरेख करायची हे मुकादमांचं काम. आता देखरेख म्हणजे काय हो? हात मागे बांधून उभं राहायचं आणि बघायचं. पण नुसतं बघणं जमलं असतं तर ते मुकादम कसले! ड्रममध्ये साबण घालणाऱ्याच्या हातातलं माप हे काढून घेणार, स्वतः साबण घालणार, माप परत त्याच्या हातात देणार आणि म्हणणार, "असं." घडीवाल्या बाईने घातलेली घडी मोडणार, तश्शीच पुन्हा घालणार आणि म्हणणार, "हं, आता बरोबर." त्या बाईने एकदा कपाळावर हात मारून सगळ्यांदेखत म्हटलं, "यांच्या हाती कारभार दिला ना, तर हे सूर्यालाही सांगतील, जरा डावीकडून उगव बाबा." सगळे खो खो हसले. मुकादमांना त्यात हसण्यासारखं काय आहे तेच कळेना.

घरी तरी काय वेगळं? बायकोने दुधाचं पातेलं अजून गॅसवर ठेवलेलंही नसायचं आणि हे दारातूनच ओरडायचे, "उतू जाईल हं!" ती बिचारी "हो" म्हणायची. इतक्या वर्षांच्या संसारात तिने एक गोष्ट पक्की शिकून घेतली होती: हो म्हणावं आणि आपलं करावं. मुलीला मात्र ते जमलं नाही. एकुलती एक लेक. तिच्या पेन्सिलींना टोकं यांनी काढली, तिच्या वह्यांना कव्हरं यांनी घातली, ती कॉलेजात जायला लागली तरी निघताना तिच्या पाठीवरच्या पिशवीची चेन ओढून बघणारे हेच. माया होती हो, नाही कोण म्हणतंय! जीव ओवाळून टाकायचा माणूस. पण त्या मायेने पोरीला कधी मोकळा श्वास म्हणून घेऊ दिला नाही. आणि पोरही बापाच्याच वळणावर गेलेली, हटकून वाद घालायची. "बाबा, मला करू द्या ना माझं मी!" हे वाक्य त्या घराच्या भिंतींनासुद्धा पाठ झालं असेल.

शिकून सवरून तिला नोकरी लागली ती लांबच्या शहरात. तिने तिथे खोली घेतली, आणि मग सुरू झाला फोनचा छळ. जेवलीस का, काय जेवलीस, दार नीट लावलंस का, लावून ओढून पाहिलंस का, गीझर बंद केलास का. ती चिडायची, फोन ठेवून द्यायची. दोन दिवस अबोला, मग पुन्हा तेच. शेवटी तिनेच शक्कल लढवली. सुट्टीला आली तेव्हा तिने बापाच्या कॉम्प्युटरवर एक गेम चढवला आणि म्हणाली, "घ्या. तुम्हाला हुकूम सोडायला अख्खं आकाश आणलंय. आता मला सोडा."

गेम असा. प्रत्येक खेळाडूला एक तारा आणि त्याभोवतीचे ग्रह मिळणार. तिथे खाणी खणायच्या, जहाजं बांधायची, इतर खेळाडूंशी युती करायची आणि दुसऱ्या युतीशी लढायचं. जगभरातली माणसं एकाच वेळी खेळतात. खेळाडू जेवायला गेला, झोपला, तरी आकाश चालूच राहतं, म्हणून गेमने प्रत्येकाला एक कारभारी देऊन ठेवलेला. कारभारी म्हणजे यंत्रच, पण तो तुमच्या माघारी ग्रह सांभाळतो, जहाजात इंधन भरतो, मित्रपक्षाचा हुकूम आला तर तो पाळतो. जाणते खेळाडू बारीकसारीक कामं कारभाऱ्यावर टाकतात आणि स्वतः मोठ्या चाली बघतात.

मुकादमांनी पहिल्याच दिवशी आपला कारभारी बंद करून टाकला. "याला काय कळतंय?" म्हणाले.

आणि गंमत बघा, जी खोड कारखान्यात आणि घरात सगळ्यांच्या डोक्याला ताप होती, तिने आकाशात मुकादमांचं नाव काढलं! प्रत्येक जहाज ते हाताने हलवायचे. लढाईत मार खाल्लेलं जहाज नेमकं फुटायच्या आधी मागे घ्यायचं, ताजं पुढे करायचं, मागचं दुरुस्त झालं की पुन्हा पुढे. दुसरे खेळाडू सगळा ताफा एकगठ्ठा पाठवून द्यायचे आणि हात चोळत बसायचे. मुकादमांचं एक जहाज वाया जाईल तर शपथ. बघता बघता ते युतीचे म्होरके झाले. युतीत एक दातांचा डॉक्टर होता, दोन पेशंटच्या मधल्या वेळात खेळायचा. त्याने सगळ्यांना पटवलं की बाबांनो, लढाईच्या वेळी आपापल्या ताफ्याची चावी मुकादमांना द्या. गेममध्ये तशी सोय होती. चावी दिली की मुकादमांचा हुकूम तुमच्या जहाजांना लागू. सगळ्यांनी दिली. बापाला गेम शिकवता शिकवता लेकीनेही एक तारा घेतला होता; तिनेही दिली, पण कुरकुरत.

बापलेक आता फोनवर कमी आणि आकाशात जास्त भेटायला लागले. भेटायचे म्हणजे भांडायचे. "बाबा, ते जहाज मला तिकडे हवंय." "तिकडे नको, इकडे घे." "अहो, पण तारा माझा आहे!" "तारा तुझा, पण अक्कल कुणाची?" असं सगळं लेखी चालायचं, आणि युतीतली बाकीची माणसं मिटक्या मारत वाचायची. मुकादमांना त्या भांडणाचाही आनंद होता. पोर समोर आहे, बोलतेय, आणखी काय हवं माणसाला?

आणि मग एके दिवशी पोर भांडायची थांबली.

मुकादम हुकूम द्यायचे, उत्तर यायचं, "ठीक आहे बाबा." दुसरा हुकूम, "ठीक आहे बाबा." ना वाद, ना कुरकुर. लगेच कामाला सुरुवात, अगदी सांगितल्याबरहुकूम. मुकादमांना आधी विश्वासच बसेना. मग अभिमानाने ऊर भरून आला. कारखान्यात घडीच्या टेबलाशी उभं राहून त्यांनी सगळ्यांना ऐकवलं, "शेवटी पोर शहाणी झाली बरं का! बापाचं ऐकण्यात शहाणपण आहे हे कळायला वेळ लागतो, पण कळतं." घडीवाली बाई म्हणाली, "पोरी एवढ्या ऐकायला लागल्या की मला तर बाई धडकीच भरते." मुकादमांनी तिच्या हातातली चादर घेतली आणि मोडून घडी घातली.

लेकीचा फोन आला तरी तो बायको घ्यायची. "तुम्हाला देऊ का?" म्हणून विचारायची. "मला कशाला? माझं आत्ताच झालं की तिच्याशी बोलणं," असं मुकादम म्हणायचे. आणि त्यांना खरंच तसं वाटायचं हो! दिवसातून कितीदा तरी ती त्यांना ठीक आहे म्हणत होती.

मध्येच बायकोने बॅग भरली. तिच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, घरात करणारं कुणी नाही, जाऊन राहायला हवं, असं म्हणाली. मुकादमांनी तिच्या बॅगेतल्या साड्या काढून परत नीट लावून दिल्या. रोज फोन करून ते तिला गुडघ्याबद्दल सूचनाही देत होते. पायाखाली उशी घ्यायला सांग, जिना चढू देऊ नकोस, गोळी उपाशीपोटी नको. ती "हो, सांगते" म्हणायची. तिचा आवाज दमलेला असायचा. गुडघ्याची सेवा म्हणजे थोडीथोडकी नाही, असं म्हणून मुकादम पुन्हा आपल्या ग्रहांकडे वळायचे.

आता त्या रविवारच्या दुपारचं ऐका. समोरच्या युतीशी शेवटची मोठी लढाई होती. मुकादमांनी जेवण लवकर उरकलं, खिडकीचा पडदा ओढला, कानाला हेडफोन लावला. हेडफोनमध्ये दातांचा डॉक्टर. दवाखाना बंद, म्हणून तोही निवांत. स्क्रीनवर शंभर ठिपके आणि प्रत्येक ठिपक्यावर मुकादमांची नजर. याला मागे, त्याला पुढे, हा तिकडे, तो इकडे. बोटं नुसती नाचत होती. शत्रू डावीकडून रेटत होता आणि लेकीचा ताफा ताऱ्याच्या आडोशाला लपवून मागून घालायचा असा मुकादमांचा डाव. त्यांनी लेकीच्या सगळ्या जहाजांना हुकूम सोडला.

घाईत बोट चुकलं. ताऱ्याभोवतीच्या कड्यावर दाबायचं ते बरोबर ताऱ्यावर दाबलं गेलं. म्हणजे हुकूम झाला असा, की सगळी जहाजं घे आणि जळत्या ताऱ्यात नेऊन घाल.

चूक मुकादमांच्या लक्षात आली आणि ते हसलेच. आता पोरगी फिरकी घेणार! बाबा, डोकं ठिकाणावर आहे का, चष्मा कुठे आहे, असं काहीतरी येणार. आयुष्यात पहिल्यांदा तिला बापाची चूक सापडली होती.

उत्तर आलं, "ठीक आहे बाबा."

आणि ताफा निघाला.

"अगं थांब! थांब!" मुकादम तोंडानेच ओरडले, मग भानावर येऊन लिहिलं. हुकूम मागे घ्यायला गेले तर तोवर उशीर झालेला. एकेक ठिपका ताऱ्याच्या पिवळ्या गोळ्यात शिरला आणि विझला. एवढी जपून जपून वाढवलेली जहाजं! मुकादमांनी दातओठ खात लिहिलं, "वेडी आहेस का? चूक माझी होती, पण तुला दिसत नाही?"

"ठीक आहे बाबा."

"ठीक काय आहे? सगळी जळाली!"

"ठीक आहे बाबा."

मुकादमांचा हात माउसवर थबकला. त्यांनी हळूहळू एकेक अक्षर शोधत लिहिलं, "अगं, तू आहेस ना तिथे?"

"ठीक आहे बाबा."

"तुझ्या आईचं नाव काय?"

"ठीक आहे बाबा."

"अहो मुकादम!" हेडफोनमध्ये डॉक्टर ओरडत होता. "हे काय करून बसलात? डावी बाजू उघडी पडली ना!"

"डॉक्टर," मुकादम म्हणाले. "ही पोरगी असं का बोलतेय?"

"कोण पोरगी?"

"माझी लेक हो! एकच वाक्य म्हणतेय."

डॉक्टरने आपल्या स्क्रीनवर पाहिलं. मग म्हणाला, "अहो, ती कुठे आहे? तो कारभारी आहे तिचा. तिच्या नावापुढे चंद्रकोर आहे बघा बारीकशी. खेळाडू नसला की ती दिसते. उत्तर काय द्यायचं ते एकदा लिहून ठेवलं की तो तेच देत राहतो."

मुकादमांनी पाहिलं. होती. लेकीच्या नावापुढे एवढीशी चंद्रकोर होती. जहाजाच्या शेपटावरचा ओरखडा ज्यांना दिसायचा, त्या मुकादमांना ती दिसली नव्हती.

"कधीपासून आहे ही?"

"झाले की काही महिने." डॉक्टर आता चाचरायला लागला. "आम्हाला सगळ्यांना वाटलं, तुम्हीच लावायला सांगितला असणार. तुमच्या हुकमाशिवाय तिकडे पान हलत नाही, म्हणून कुणी विचारलं नाही. मुकादम, तुम्हाला माहीतच नव्हतं?"

काही महिने! मग आपण रागावलो कुणावर? शाबासकी कुणाला दिली? परवा पाऊस आला तेव्हा छत्री घेऊन जा म्हणून सांगितलं, ते कुणाला सांगितलं? आणि तिच्याशी शेवटचं, तिच्याशी स्वतःशी, आपण कधी बोललो? त्यांनी आठवून पाहिलं, पण काही केल्या आठवेना. पोरगी आहे तरी कुठे?

लढाई तशीच टाकून ते उठले. डॉक्टर हेडफोनमध्ये हाका मारत राहिला, ठिपके पटापट विझत राहिले. मुकादमांनी लढाई अर्ध्यावर सोडलेली युतीने कधी पाहिली नव्हती. घाईघाईत त्यांनी लेकीला फोन लावला, तो पहिल्यांदा भलत्यालाच लागला. दुसऱ्यांदा बरोबर लागला. रिंग वाजली, फोन उचलला गेला.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. तो त्यांच्या बायकोचा होता.

मुकादमांनी फोन कानावरून काढून नंबर पुन्हा पाहिला.

"हॅलो? अहो, तुम्ही आहात का? बोला ना."

"तू तिथे कशी?" मुकादम कसंबसं म्हणाले. "तू तर बहिणीकडे होतीस. गुडघा..."

पलीकडे एक उसासा ऐकू आला. "तिच्या गुडघ्याला काही झालेलं नाही. धडधाकट आहे ती. मी पहिल्यापासून इथेच आहे, आपल्या पोरीजवळ." आणि मग तिने एका दमात सगळं सांगून टाकलं, कारण तिलाही आता ते पोटात ठेवणं सोसत नव्हतं. लेकीच्या काखेजवळ गाठ लागली होती. तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं, गाठ काढली. मग रिपोर्टची वाट बघणं, आणि ते दिवस कसे गेले ते तिचं तिलाच ठाऊक. "पण साधी निघाली हो. कालच रिपोर्ट आला. काही भीती नाही आता. जखम भरतेय."

मुकादम पलंगाच्या कडेवर बसले. गाठ. ऑपरेशन. रिपोर्ट. माणूस अशा बातमीने आधी घाबरतो, मग धीर धरतो, मग सुटकेचा श्वास टाकतो. इथे भीती येऊन गेली होती, धीर धरून झाला होता, सुटकाही झाली होती. त्यातलं काहीच यांच्या वाट्याला आलं नव्हतं. पोटच्या पोरीच्या काळजाचं पाणी पाणी झालं तेव्हा हे खाणी मोजत बसले होते. अरे देवा, असंही होतं का कुठे! बापाला कळत नाही?

आणि तोंड? तोंडाला खोड ती खोडच. "डॉक्टर कोण होता? मोठा होता ना? दुसऱ्याला दाखवलंत का? टाके कुणी घातले? पाणी लागू देऊ नका, आणि ती उजव्या कुशीवर..."

"बघा," बायको म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "म्हणून नाही सांगितलं. पोरीने शपथ घातली मला. म्हणाली, आई, आत्ता मला बाबांच्या सूचना झेपणार नाहीत."

मागे कुजबुज ऐकू आली, फोन या हातातून त्या हातात गेला.

"बाबा."

खरा आवाज. बारीक झालेला, जरा घोगरा, पण खरा. मुकादमांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"अगं, मला का नाही सांगितलंस? एका शब्दाने तरी..."

"सांगणार होते, बाबा. सगळ्यांत आधी तुम्हालाच सांगणार होते. आईच्याही आधी." ती थांबत थांबत बोलत होती. "गाठ हाताला लागली ना, त्याच दिवशी. इतकी घाबरले होते की फोनवर आवाजच फुटला नसता. म्हणून गेममध्ये आले. तुम्ही होतातच. मी लिहिलं, बाबा, जरा बोलायचंय, वेळ आहे का?"

"मग?"

"तुम्ही लिहिलंत, आधी इंधन भर."

मुकादमांना तो दिवस लख्ख आठवला. तिच्या जहाजांवर लाल खुणा लागल्या होत्या. लढाई रंगात आली होती आणि ही पोरगी इंधन न भरता गप्पा काय मारतेय, म्हणून त्यांना राग आला होता. तिने काय विचारलं होतं ते त्यांनी धड वाचलंही नव्हतं.

"भरलं मी," लेक म्हणाली. "रडत रडत भरलं. एकेका जहाजात, हाताने, तुम्हाला आवडतं तसं. वाटलं, हे झालं की तुम्ही विचाराल. मग लिहिलं, भरलं बाबा. तुम्ही लिहिलंत, छान, आता खाणीवरची जहाजं मागे घे. ती घेतली. मग तुम्ही पुढचं सांगितलंत. मग त्याच्या पुढचं. मी पण वेडी, करतच राहिले. शेवटी कारभारी लावला आणि उठले."

भिंतीपलीकडच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं. टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून डॉक्टरचा बारीक आवाज अजून येत होता. मुकादमांनी कशाकडेच पाहिलं नाही. त्यांनी फोन दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला. तोंडात आलेल्या सगळ्या सूचना त्यांनी गिळल्या, आणि हे त्यांना जन्मात पहिल्यांदाच जमलं होतं.

"बोल ना गं," ते म्हणाले. "आता बोल. मी काही सांगणार नाही, मधे एक शब्द बोलणार नाही. नुसता ऐकतो. काय बोलायचं होतं तुला?"

मग लेक हळूच म्हणाली, "आता काही नाही हो, बाबा. तेव्हा होतं."